रील्स बघून इंग्रजी शब्द खरंच येतात का?

डिस्पॅचवाली:
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

राहायला ठाण्याला, नोकरी महाप्याला. एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत डिस्पॅच बघते. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे एबीसीडी पाचवीत. कामापुरतं इंग्रजी वाचता येतं, मेलही जमतो (जुना मेल काढायचा, तारखा बदलायच्या, सगळेच करतात). आता मात्र परदेशातल्या गिऱ्हाइकांबरोबर व्हिडिओ कॉल सुरू झालेत आणि तिथे जुना मेल उपयोगाचा नाही.

म्हणून ट्रान्स-हार्बर लोकलने जाता-येता रील्स बघते. 'रोज एक शब्द', 'व्हेरीच्या जागी हे वापरा', 'ऑफिसात हे बोलू नका', असली पाच-सहा पेजेस फॉलो केलीत. सेव्ह केलेल्या रील्सना तर गणतीच नाही. गंमत अशी की त्यातला कुठलाही शब्द समोर दिसला तर अर्थ सांगते. पण कॉलवर तोंड उघडलं की तेच 'गुड', 'प्रॉब्लेम', 'ओके सर'. शिकलेला एकही शब्द जिभेवर येत नाही.

पस्तिशी ओलांडल्यावर सोशल मीडियावरून ज्यांचे शब्द खरोखर वाढले, त्यांनी ते कसे वाढले सांगा. क्लास लाव सांगू नका, माझी सुटायची वेळ ठरलेली नसते. इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच हेही सांगू नका, तो सल्ला वडिलांपासून ऐकत आलेय.

बोका_नौपाडा:
रुमाल टाकून ठेवतोय. हातातली रील संपली की सविस्तर लिहितो.

घोडबंदर_सिग्नल:
मी रील्सच्या बाजूने. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉक बंद झालं आणि पंधरवड्याच्या आत इन्स्टाने इथे रील्स सुरू केल्या. लॉकडाउन होता, घरी बसून दुसरं काही नव्हतं, तेव्हापासून बघतोय.

आपल्याला इंग्रजी शिकवलं ते डोळ्यांना, कानांना नाही. शब्द माहीत असायचा, पण गोऱ्याने उच्चारला की ओळखूच यायचा नाही. 'कम्फर्टेबल' ते लोक 'कम्फ्टबल' असं उरकतात. 'व्हेजिटेबल'मधला अर्धा ऐवज गायब असतो. हे मला कुठल्याही शिक्षकाने सांगितलं नव्हतं, रीलवाल्या बाईने सांगितलं. आता टीममधल्या आयरिश माणसाचं बोलणं बऱ्यापैकी कळतं.

नवे शब्द किती आले विचाराल तर थोडेच. पण होते ते ऐकू यायला लागले. माझ्या हिशोबी ती कमाई मोठी.

आजोबा_पाचपाखाडी:
रील्स बघणे हा अंगठ्याचा व्यायाम आहे, भाषेचा नव्हे. आम्ही तर्खडकरांची भाषांतरमाला घोकली, डिक्शनरी उशाला घेऊन झोपलो आणि बँकेत तीस वर्षे इंग्रजीत पत्रव्यवहार केला. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. ज्या गावात शंभरावर वर्षांचे ग्रंथालय आहे त्या गावातल्या लोकांनी शब्दांसाठी मोबाइलकडे बघावे, याचे नवल वाटते.

मिरची_वाशी:
आजोबा, मराठी ग्रंथ संग्रहालयात इंग्रजी शब्द शोधायला पाठवताय तिला? :)

आजोबा_पाचपाखाडी:
मुद्दा वाचनाचा आहे. असो.

चष्मा_कुठंय:
ठाण्यात संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला दर बॅचला ऐकावा लागतो. जरा लांबण लावते.

डिस्पॅचवाली, तुम्ही लिहिलंय त्यात वावगं काहीच नाही. शब्द ओळखणं आणि वेळेला आठवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. रील तुमच्याकडून पहिलं काम करून घेते, कारण शब्द, अर्थ, चित्र आणि उदाहरण सगळं तीच पुरवते. तुम्हाला डोक्यातून काहीच बाहेर काढावं लागत नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. रील संपल्यावर 'आला हा शब्द' असं जे वाटतं, ते पाच मिनिटांचं यश आहे.

दुसरी अडचण फीडची. विसरण्याचा अभ्यास एबिंगहाउसने १८८५ मध्येच छापला. तेव्हापासून सगळे तेच सांगताहेत: तोच शब्द काही काळाने परत भेटला पाहिजे, विसरायच्या बेतात असताना भेटला तर उत्तमच. ॲप मात्र तुम्हाला धरून ठेवण्यासाठी सतत नवं दाखवतं. आज सोमवारी बघितलेला शब्द पुढच्या गुरुवारी समोर आणून उभा करायचा, यात त्याचा काही फायदा नाही. सेव्ह केलेल्या रील्स आपण उघडत नाही हेही त्याला ठाऊक आहे.

आणि तिसरं म्हणजे ही पेजेस शब्द निवडतात कसे? ज्यावर लोक थबकतील असे. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षक ढाक्याला होता, आपल्याच उपखंडातल्या मुलांना शिकवता शिकवता त्याचं या विषयात आयुष्य गेलं. त्याने १९५३ मध्ये इंग्रजीतल्या साधारण २,००० सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी काढली. रोजच्या बोलण्याचा बहुतेक भाग तेवढ्यात निघतो. त्या दोन हजारांतले कित्येक शब्द माझ्या वर्गातल्यांना वापरता येत नाहीत आणि रीलवरून मात्र 'सेरेंडिपिटी' पाठ असतं. ताटात वरणभाताचा पत्ता नाही आणि लोणच्याच्या सात वाट्या!

घोडबंदर_सिग्नल यांच्या कानाच्या मुद्द्याला मात्र पूर्ण अनुमोदन.

मिरची_वाशी:
लोणच्यावरून आठवलं. आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी 'व्हेरी हॅपीच्या जागी एक्स्टॅटिक' ही रील मनावर घेतली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला मेल गेला, 'आय ॲम एक्स्टॅटिक टु रिसीव्ह युवर परचेस ऑर्डर'. ऑर्डर होती चाळीस खोक्यांची. गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?

बोका_नौपाडा:
=)) =))
रील संपली. पण आता इथली करमणूक जास्त बरी आहे.

डिस्पॅचवाली:
मिरची, ट्रेनमध्ये एकटीच हसले, समोरच्या बाईंनी पर्स जवळ घेतली.

चष्माताई, फीडचं बोलणं पटलं, कारण तोच शब्द परत आला की मी स्वतःच 'हा झालाय' म्हणून वर सरकवते. पण मग करायचं काय? फ्लॅशकार्डचं ॲप टाकून पाहिलंय. त्याची रोजची थकबाकी वाढत जाते आणि घरच्या थकबाक्या काय कमी आहेत.

न्हावाशेवा_एक्सप्रेस:
मी कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे, राहायला नेरूळ. शिक्षण बारावी, तेही कसंबसं. तुमच्या लाइनच्या जवळचाच आहे म्हणून लिहितो.

मी शब्दांचं एकही पेज फॉलो केलेलं नाही. माझं इंग्रजी वाढलं ते व्हॉट्सॲपच्या कामाच्या ग्रुपमध्ये. ग्रुपमध्ये शिपिंग लाइनचा डेस्क, ट्रान्सपोर्टर, यार्डवाले, पार्टीचा माणूस. सगळ्यांचं इंग्रजी मोडकंच, पण त्यात शिपिंग लाइनवाली एक मॅडम होती, तिचं वाक्य नेहमी नीट. ती जे लिहायची ते मी स्वतःलाच पाठवून ठेवायचो (स्वतःच्या नंबरला मेसेज करता येतो, माहीत असेलच). आणि तसाच प्रसंग आला की तिचंच वाक्य, कंटेनर नंबर माझा. काही महिन्यांनी उघडून बघायची गरज राहिली नाही.

माझ्या धंद्यात शब्द चुकला तर पैसे जातात, म्हणून तो पक्का बसतो. कंटेनर फुकटच्या दिवसांपेक्षा जास्त बंदरात पडून राहिला तर जो दंड लागतो तो डिमरेज. बाहेर नेला आणि रिकामा परत द्यायला उशीर केला तर डिटेन्शन. नवीन पोरं दोन्हीला एकच समजतात आणि पार्टीला भलतंच सांगून बसतात. एकदा पार्टीच्या शिव्या खाल्ल्या की पोरगं जन्मात विसरत नाही. ही व्यवस्था कुठल्या रीलमध्ये आहे?

चष्मा_कुठंय:
वा! स्वतःलाच मेसेज आणि प्रसंग आला की वापर. आमच्या शास्त्रात यासाठी जाड जाड पुस्तकं आहेत, तुम्ही दोन ओळींत उरकलंत. शिवाय सुटा शब्द न उचलता अख्खं वाक्य उचललंत. 'डिले' माहीत असून भागत नाही, त्याच्या मागेपुढे काय येतं ते माहीत असावं लागतं.

घोडबंदर_सिग्नल:
पण मग ग्रुपमधल्या चुकाही तशाच्या तशा उचलल्या जाणार ना? सगळीकडे 'काइंडली डू द नीडफुल'. बाहेरचे लोक हसतात याला.

न्हावाशेवा_एक्सप्रेस:
हसू देत. त्या एका वाक्यावर माझे कंटेनर सुटलेत.

मिरची_वाशी:
'डू द नीडफुल' जुन्या इंग्रजांचंच आहे, ते विसरले आणि आपण जपून ठेवलं. 'प्रीपोन' तर आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. मीटिंग अलीकडे घ्यायला त्यांच्याकडे आटोपशीर शब्द रुळलेला नव्हता, आपण रुळवला. उलट आपणच रॉयल्टी मागायला हवी.

घोडबंदर_सिग्नल:
ते वादात छान. इंटरव्ह्यूत समोरचा काय विचार करतो ते बघा. ऐरोलीला माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये इंटरव्ह्यू घेतो मी. हुशार पोरं, काम येतं, पण पहिल्या दोन वाक्यांत पॅनेलवरचा कुणीतरी निकाल लावून मोकळा झालेला असतो. अन्याय आहे, पण आहे.

आजोबा_पाचपाखाडी:
निकाल लावणारा पॅनेलवरचा कुणीतरी म्हणजे आपणच काय?

घोडबंदर_सिग्नल:
नाही हो, मी स्वतः मराठी माध्यमवाला. पॅनेलवर भांडतो मी त्यांच्यासाठी. पण चौघांत एकटा पडतो.

खारघरची_सून:
माध्यमाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं, त्याआधीची आम्ही सगळी पाचवीवाली. आता मुलगा इंग्रजी शाळेत आणि त्याच्या वर्गाचा आयांचा ग्रुप म्हणजे रोजची परीक्षा. साधा प्रोजेक्टसाठी कुठला कागद आणायचा हे विचारायला मी तीनदा टाइप करून खोडायचे. शेवटी अंगठा किंवा हात जोडलेलं चित्र टाकून मोकळी व्हायचे. पूर्ण वर्ष ग्रुपमध्ये मी हात जोडून उभी होते म्हणा ना.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. टाइप करताना कीबोर्डच पुढचा शब्द सुचवतो. पहिली दोन अक्षरं मारली की शब्द हजर, चुकलं तर तोच सुधारतो. त्यामुळे मेसेज बरा जातो, पण शब्द माझा होत नाही. तोंडी बोलायची वेळ आली की वर पट्टी नसते ना.

म्हणून मी आणि माझी जाऊ (ती पनवेलला) इंग्रजीत व्हॉइस नोट पाठवायला लागलो. विषय घरचेच. आज कामवाली आली नाही, सासूबाईंचं बीपी, बिर्याणीत मीठ जास्त. आधी फार लाज वाटायची, पाठवून लगेच डिलीट करायचो. आता करत नाही. परवा शाळेत पालकसभेला मी उभी राहून स्कूल बसच्या वेळेबद्दल बोलले. फार काही ग्रेट नव्हतं, पण बसची वेळ बदलली.

बोका_नौपाडा:
बसची वेळ बदलली हे ग्रेटच आहे. माझं अस्खलित मराठी ऐकून सोसायटीतली पाण्याची वेळ बदलत नाही.

डिस्पॅचवाली:
खारघरची_सून, हात जोडून उभी होते हे वाचून पोटात तुटलं. आमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये माझाही अंगठाच असतो.

घोडबंदर_सिग्नल:
व्हॉइस नोट उत्तम. पण ज्याला जाऊ नाही त्याने काय करायचं? मी मध्यंतरी रील्सखाली इंग्रजीत कमेंट लिहायला लागलो होतो. सराव होईल म्हटलं. मुद्द्यावर कुणी बोलेना, 'इज' की 'आर' यावर अनोळखी पंधरा जण तुटून पडले. त्यातले निम्मे स्वतःच चुकत होते. उघड्यावर सराव करण्यात अर्थ नाही, माणसं थोडी आणि ओळखीची हवीत.

आजोबा_पाचपाखाडी:
अवांतर होईल, पण लिहितो. वर मी ऐकण्याला कमी लेखले असा कुणाचा समज झाला असेल. तसे नाही. आम्हा बऱ्याच जणांचा इंग्रजीचा कान रेडिओवरच्या क्रिकेट कॉमेंटरीने तयार झाला. कसोटी सामना पाच दिवस चाले. ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे. पहिल्या दिवशी काही कळत नसे, पाचव्या दिवशी चेंडू कुठून कुठे गेला ते दिसू लागे. पुढे बँकेत साहेबांचे बोलणे कळायला त्याचा उपयोग झाला. तेव्हा माध्यम नवे असण्याला माझा आक्षेप नाही, पंधरा सेकंदांत विषय बदलण्याला आहे.

चष्मा_कुठंय:
आजोबा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा!

कॉमेंटरीत काय होतं बघा. विषय एक, जागा एक, आणि तेच काही शे शब्द पाच दिवस फिरून फिरून येतात. शिवाय खेळ आधीच कळत असतो, त्यामुळे नवा शब्द आला तरी अंदाज लागतो. फीडमध्ये जे होत नाही म्हणून मी वर रडले, ते कॉमेंटरी आपोआप करते.

पॉल नेशन या भाषातज्ज्ञाचा २००६ चा हिशोब आहे: इंग्रजी बोलणं जवळजवळ पूर्ण कळायला सहा ते सात हजार शब्दकुळं लागतात, वाचायला आठ ते नऊ हजार. कुळ म्हणजे एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक. आकडा ऐकून छाती दडपते. पण एका विषयापुरतं बघितलं तर काम पुष्कळ कमी शब्दांत चालू होतं.

तर डिस्पॅचवाली, माझं ऐकाल तर शब्द शिकवणारी पेजेस कमी करा आणि तुमच्या कामाचे इंग्रजी व्हिडिओ शोधा. गोदाम, पॅलेट, कंटेनर भरणं, माल फुटून पोचला तर पुढे काय करायचं. एकच चॅनल पकडा, सबटायटल लावा, वेग कमी करा. आणि शेवटी स्क्रीन बंद करून त्यातलं जे आठवेल ते दोन वाक्यांत मोठ्याने बोला. ट्रेनमध्ये शक्य नसेल तर स्टेशनवरून चालताना.

मिरची_वाशी:
कोपरखैरणे स्टेशनबाहेर एक बाई एकटीच पॅलेटबद्दल इंग्रजीत बोलत चालल्या आहेत. कानात इअरफोन घाला म्हणजे लोकांना फोन वाटेल.

आजोबा_पाचपाखाडी:
चष्माताई, आभार. मात्र डिक्शनरीचा आग्रह मी सोडलेला नाही, याची नोंद घ्यावी.

डिस्पॅचवाली:
बरेच दिवसांनी येतेय, क्वार्टर एंड होता.

'रोज एक शब्द' आणि 'व्हेरीच्या जागी'वाली पेजेस काढली. उच्चारवाल्या बाईंचं ठेवलंय, घोडबंदर_सिग्नल यांच्या भरवशावर. गोदामाच्या कामाचं एक चॅनल मिळालं, माणूस कंटाळवाणा आहे पण तेच तेच शब्द बोलतो, म्हणजे चष्माताईंच्या व्याख्येत चपखल. 'लोड शिफ्ट होणे' हे मी इतके दिवस 'मटेरियल मूव्ह्ड इनसाइड' असं सांगत होते. समोरच्याला कळायचं, पण तो परत विचारायचा. या कॉलला त्याने परत विचारलं नाही. बाकीच्या कॉलभर 'ओके सर'च चालू होतं, उगाच कशाला लपवा.

फीडची एक गंमत. चार दिवस गोदामाचे व्हिडिओ पूर्ण बघितले तर आता इन्स्टाही तेच दाखवतंय, फोर्कलिफ्ट आणि फोर्कलिफ्ट. नवरा म्हणतो घेतेस का एक?

स्वतःला मेसेजची युक्तीही सुरू केली. आमच्याकडे नीट लिहिणारी मॅडम नाही, म्हणून डच गिऱ्हाइकाची वाक्यं चोरतेय.

राहिला प्रश्न जावेचा. मला जाऊ नाही, ठाण्यात मी एकटीच. खारघरची_सून, तुमच्या व्हॉइस नोटमध्ये तिसरी माणूस चालेल का?

खारघरची_सून:
चालेल काय, पळेल! खासगी निरोपात नंबर द्या, इथे उघड नको. जावेला विचारलं, ती म्हणाली बिर्याणी सोडून दुसरा विषय तरी येईल.

बोका_नौपाडा:
पुरुषांना प्रवेश आहे का? सासूबाईंच्या बीपीवर मीही बोलू शकतो.

खारघरची_सून:
आमच्यात नाही. तुम्ही, घोडबंदर आणि एक्सप्रेस मिळून वेगळा काढा.

न्हावाशेवा_एक्सप्रेस:
मी तयार आहे. पण रात्री अकराच्या आधी नाही, आणि गेटवर असलो तर मागून हॉर्न ऐकू येतील.

घोडबंदर_सिग्नल:
मीही. माझ्याकडूनही हॉर्नच येतील. चष्माताई, तुम्ही दोन्हीकडे असाल का? चुका दाखवायला कुणीतरी लागेल.

चष्मा_कुठंय:
येईन, पण चूक मी आपणहून दाखवणार नाही. ज्याने विचारलं त्याची, आणि एका वेळी एकच. पगार घेऊन दिवसभर तेच करते हो. आणि गुड मॉर्निंगची फुलं आली की मी बाहेर.

आजोबा_पाचपाखाडी:
गुड मॉर्निंग हे इंग्रजीच आहे.